अंबोसेलीत तीन रात्री: केनियातली छोटी सफारी कशी आखावी

केनियाला जायचं ठरलं आणि हातात आठवडाभराचीच रजा असली की बहुतेक जण त्या आठवड्यात मसाई मारा, नाकुरू, नैवाशा आणि अंबोसेली असं सगळं बसवायला बघतात. कागदावर ते बसतंही. प्रत्यक्षात एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यात तासन् तास मोडतात, रोज बॅगा भराव्या लागतात, आणि प्राणी हलतात त्या पहाटेच्या आणि संध्याकाळच्या वेळा नेमक्या हायवेवर जातात. म्हणून माझं सांगणं असं, की वेळ कमी असेल तर एकच उद्यान निवडा, तिथे सलग तीन रात्री राहा, आणि खोलीच्या थाटापेक्षा चांगल्या गाईडसाठी पैसे मोजा. पुढचं सगळं मी अंबोसेली राष्ट्रीय उद्यान डोळ्यासमोर ठेवून लिहिते आहे, पण आखणीची पद्धत इतर उद्यानांनाही लागू पडेल.

अंबोसेलीच का

नैरोबीच्या दक्षिणेला, टांझानियाच्या सीमेला लागून असलेलं हे उद्यान ३९२ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे ताडोबाच्या गाभा क्षेत्राहूनही लहान. १९७४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. समोर ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो. पर्वत टांझानियात आहे, पण तो बघावा केनियाच्या बाजूने. त्याच्या उतारांवर पडणारं पाणी ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकातून मुरत येतं आणि अंबोसेलीच्या कोरड्या, खारट मातीत झऱ्यांच्या रूपाने वर येतं. त्यातून तयार झालेल्या दलदली बारमाही हिरव्या असतात. आजूबाजूचा मुलूख करपलेला असताना हत्ती, पाणघोडे, रानरेडे, झेब्रे आणि विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) या पाण्याभोवती गोळा होतात. छोट्या सहलीसाठी हे फार सोयीचं आहे, कारण प्राणी शोधत लांब भटकावं लागत नाही. ताडोबात बांबूच्या आड काय हललं याचा अंदाज घेत बसावं लागतं. इथे नजर पोहोचेल तिथवर मोकळं माळरान आहे.

काय दिसणार नाही, तेही आधी सांगायला हवं. अंबोसेलीत गेंडा नाही. बिबट्या क्वचितच दिसतो. सिंह आहेत, चित्तेही आहेत, पण मसाई मारासारखे हमखास नाहीत. विल्डबीस्टचे लाखोंचे कळप नदी ओलांडताना बघायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबरमध्ये माराच गाठावं लागेल, आणि तीन रात्री तिथे द्याव्या लागतील. हत्ती मात्र अंबोसेलीसारखे दुसरीकडे पाहायला मिळणं कठीण. हत्ती-संशोधक सिंथिया मॉस यांनी १९७२ साली इथल्या हत्तींचा अभ्यास सुरू केला आणि तो आजही चालू आहे. त्यामुळे इथले हत्ती एकेक करून ओळखले जातात. त्यांच्या आया आणि आज्या ठाऊक आहेत, पिढ्यांच्या नोंदी आहेत.

कधी जावं

केनियात मोठा पाऊस मार्च ते मे या काळात पडतो आणि छोटा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी त्यामुळे नेमकी मोठ्या पावसात येते. मुलांच्या शाळेमुळे मे सोडून जमणारच नसेल तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. गर्दी कमी असते, दर उतरलेले असतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते. पण काही रस्ते पाण्याखाली जातात आणि पाणी सगळीकडे मिळाल्यामुळे प्राणी पांगतात. अशा वेळी व्हॅन घेऊ नका, लँड क्रूझरच घ्या.

दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या अखेरीस आली तर कोरड्या हंगामाचं शेपूट हाती लागतं. त्या दिवसांत धूळ भयंकर असते, पण दलदलीजवळ हत्तींची गर्दीही तेव्हाच. जून ते ऑक्टोबर हा काळ प्राण्यांसाठी भरवशाचा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र किलिमांजारो बऱ्याचदा ढगांत असतो आणि पहाटे चांगली थंडी वाजते. मला विचाराल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी. माळ अजून थोडा हिरवा असतो, आकाश मोकळं असतं, आणि नाताळची गर्दी सरलेली असते.

गाईड आणि गाडी

ताडोबात गेटवर नंबराप्रमाणे जो गाईड वाट्याला येईल तो आपला. केनियात तसं नाही. तिथे ड्रायव्हर आणि गाईड बहुधा एकच माणूस असतो, तो नैरोबीत तुम्हाला घ्यायला येतो आणि परत सोडेपर्यंत तुमच्यासोबत राहतो. हा माणूस कोण असेल हे बुकिंगच्या वेळीच विचारता येतं आणि विचारायलाच हवं. केनियातल्या व्यावसायिक सफारी गाईडांची संघटना, केपीएसजीए, परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे दर्जे देते. ब्राँझचा गाईडही प्राणी-पक्षी नीट ओळखतो. सिल्व्हरचा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. हत्तींची आवड असलेला, अंबोसेलीत नेहमी येणारा गाईड हवा, असं स्पष्ट लिहून कळवा.

टूर कंपनीकडे केनियाच्या पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना आहे का, ती केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सची सदस्य आहे का, हेही बघा. भारतातल्या एजंटकडून बुकिंग केलं तरी तिकडची गाडी कोणत्या कंपनीची, हा प्रश्न उरतोच. पैसे भरण्याआधी या गोष्टी ईमेलवर लेखी घ्या:

- गाडी कोणती, तिच्यात एकूण किती जण असतील, आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल का
- छत वर उघडणारं आहे का
- रोजच्या किलोमीटरवर किंवा तासांवर मर्यादा आहे का
- उद्यानाचं शुल्क दरात धरलं आहे का, आणि किती दिवसांचं
- पिण्याचं पाणी, दुपारचं जेवण, विमानतळावरून ने-आण

किलोमीटरची मर्यादा हा मुद्दा सहज सुटतो. मर्यादा असली की गाईड इंजिन चालू करायलाही कचरतो आणि संध्याकाळची फेरी आटोपती घेतो.

चौघांनी मिळून एक लँड क्रूझर घेणं हे खर्च आणि सोय दोन्हींच्या मेळाचं. सहा जणांत छताच्या उघड्या भागाशी उभं राहताना कोपरं लागतात. पाठीचं दुखणं असेल तर मागच्या चाकांवरची सीट टाळा, मधली मागून घ्या.

राहायचं कुठे आणि तिकिटाचं गणित

केन्या वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या (सरकारी वन्यजीव खात्याच्या) उद्यानांत परदेशी पाहुण्यांकडून दर माणशी, दर २४ तासांसाठी डॉलरमध्ये शुल्क घेतात, आणि ते सरकारी ई-सिटिझन पोर्टलवरून ऑनलाइन भरावं लागतं. गेटवर रोख चालत नाही. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर सर्व्हिसच्याच संकेतस्थळावर बघा. २४ तासांचा हिशेब मात्र डोक्यात पक्का ठेवा. पहिल्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास आत शिरलात आणि चौथ्या दिवशी एकच्या आत बाहेर पडलात तर तीन दिवसांचं शुल्क पुरतं. तासभर उशीर झाला की आणखी एका दिवसाचं लागू शकतं.

इथेच लॉज आत की बाहेर, हा प्रश्न येतो. ओल तुकाईच्या आसपास, उद्यानाच्या आत मोजके लॉज आहेत. किमाना गेटच्या बाहेर त्याहून स्वस्त आणि चांगले कॅम्प पुष्कळ आहेत. पण तिकीट एकाच प्रवेशाचं असेल तर संध्याकाळी बाहेर पडून सकाळी पुन्हा आत येणं महागात जातं, शिवाय गेटवरचा वेळ जातो तो वेगळाच. किमान पहिल्या दोन रात्री आत राहा. पहाटे सहाला गाडी लॉजच्या दारातून निघते आणि थोड्याच वेळात तुम्ही हत्तींच्या वाटेवर असता. ही सोय खोलीतल्या कुठल्याही सुखसोयीहून मोठी आहे.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची चिंता करू नये. रेल्वे बांधायला गेलेल्या मजुरांच्या आणि त्यांच्यामागून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या काळापासून केनियात भारतीय वस्ती आहे. चपाती तिथल्या घराघरांत होते, आणि लॉजच्या जेवणात डाळ-भात, भाजी हमखास मिळते. जैन जेवण हवं असेल तर आधी कळवा. पहाटेच्या फेरीसाठी दशम्या, चिवडा, खजूर असं काहीतरी जवळ असू द्या.

कागदपत्रं आणि इंजेक्शनं

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, कारण तशाच दिसणाऱ्या आणि दुप्पट पैसे घेणाऱ्या खासगी साइट बऱ्याच आहेत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा. अर्ज निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करा, आदल्या दिवसांवर ठेवू नका.

यलो फीव्हरच्या लसीचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथे खूप जण फसतात. खरी अडचण येते ती केनियातून भारतात परत येताना. प्रमाणपत्र नसेल तर भारतीय विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं, तेही सहा दिवसांपर्यंत. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. अशी केंद्रं मोजकीच आहेत आणि ठरलेल्या वारीच लस देतात, म्हणून तिकीट काढल्याबरोबर तारीख घ्या. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरतात. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी, अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर तिकिटाच्याही आधी हे करा.

अंबोसेली मलेरियाच्या टापूत येतं. गोळ्या कुठल्या आणि कधीपासून, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. परतल्यावरही काही दिवस त्या चालू ठेवाव्या लागतात. प्रवास विम्यात आपत्कालीन विमान-रुग्णवाहिकेचा खर्च धरला आहे का, ते तपासा. नसेल तर अ‍ॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं पर्यटकांसाठीचं अल्प मुदतीचं संरक्षण घेता येतं.

दिवसांची मांडणी

मुंबईहून नैरोबीचं थेट विमान साधारण सहा तासांचं. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. उतरल्या दिवशी नैरोबीतच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत निघा. मोंबासा रोडने एमालीपर्यंत जाऊन उजवीकडे किमानाच्या रस्त्याला वळायचं. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आतबाहेर, वेळ चार ते साडेचार तास. मोंबासा रोडवर ट्रकांची रांग असते, म्हणून उशिरा निघू नये. ज्यांना रस्ता झेपणार नाही त्यांना नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं. तिथे सामान १५ किलोच चालतं, तेही मऊ बॅगेत.

पहिल्या संध्याकाळी फार मागू नका. गाईडला सांगा, की हत्ती शांतपणे बघायचे आहेत, सिंहामागे धावायचं नाही. रेडिओवर सिंह दिसल्याची बातमी आली की सगळ्या गाड्या तिकडे पळतात आणि आपला गाईडही पाहुण्यांना हेच हवं असं समजून पळतो. त्याला एकदा मोकळीक दिलीत, की तो त्याला माहीत असलेल्या जागा दाखवायला लागतो.

मधले दोन दिवस हे या सहलीचं मूळ भांडवल. सहाला निघायचं, साडेनऊ-दहापर्यंत परत. किलिमांजारो पहाटे मोकळा असतो आणि नऊ-दहाच्या सुमारास ढगांत शिरतो, त्यामुळे पर्वतासह फोटो काढायचा असेल तर पहिला तास त्यालाच द्या. दुपारी ऊन टळेपर्यंत विश्रांती. चारला पुन्हा निघून सहा-सव्वासहाच्या सुमारास लॉजवर. एका दुपारी नूमोतिओ टेकडीवर, म्हणजे ऑब्झर्व्हेशन हिलवर चढा. उद्यानात गाडीतून उतरायला परवानगी असलेल्या थोड्या जागांपैकी ही एक. वरून दलदलीचा पूर्ण आकार दिसतो, आणि हत्ती इथे का येतात ते नकाशाशिवाय कळतं.

हत्तींची वाट

अंबोसेलीचे बरेच हत्ती रात्र उद्यानाबाहेरच्या झाडीत, मसाई या गुरं पाळणाऱ्या जमातीच्या जमिनीवर काढतात. सकाळी ते ओळीने माळ ओलांडून दलदलीत उतरतात आणि संध्याकाळी पुन्हा निघतात. चांगला गाईड कळपाचा पाठलाग करत नाही. तो कळपाची दिशा बघतो, रस्त्यावरच बरंच पुढे जाऊन थांबतो आणि इंजिन बंद करतो. मग काही न करता बसायचं. आधी धुळीचा एक पट्टा दिसतो, त्यातून पाय दिसू लागतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत कळप गाडीच्या नाकासमोरून रस्ता ओलांडतो. पुढे सगळ्यांत वयस्कर मादी, मध्ये पिल्लं. एवढ्या मोठ्या जनावरांच्या पावलांचा आवाज जवळजवळ येत नाही. ऐकू येतो तो कातडी घासल्याचा, कान फडकल्याचा, आणि पोटातून आल्यासारखा खोल गुरगुराट. दलदलीतून बाहेर पडलेल्या हत्तीच्या अंगावर पाणी जिथवर होतं तिथवर काळी ओली रेघ असते, वरचा भाग राखाडी धुळीचा, आणि पायांशी गायबगळे किडे टिपत असतात.

गाईडला कानांच्या कडा दाखवायला सांगा. प्रत्येक हत्तीच्या कानाच्या कडेला वेगळ्या खाचा आणि भोकं असतात आणि त्यांवरूनच संशोधक त्यांना ओळखतात. एका कुटुंबातल्या हत्तींची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात. एको नावाची इथली प्रसिद्ध कुटुंबप्रमुख मादी २००९ साली गेली. तिच्या कुटुंबातली नावं अशीच एकाच आद्याक्षराची.

गाडीत हळू बोला, आणि हे फक्त शिष्टाचार म्हणून सांगत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अंबोसेलीतल्याच एका अभ्यासात दिसलं, की हत्ती माणसांचे आवाज ओळखतात. मसाई पुरुषाचा आवाज ऐकल्यावर ते कांबा या दुसऱ्या जमातीच्या पुरुषाच्या आवाजापेक्षा जास्त सावध झाले. बाई किंवा लहान मुलाच्या आवाजाने तेवढे झाले नाहीत. मसाई गुराख्यांशी त्यांचा पाण्यावरून, चाऱ्यावरून संघर्ष होतो आणि त्यात भाले चालतात. ज्यांना कोणाचं भय धरायचं हे इतकं नेमकं कळतं, त्यांच्या शेजारी मोठ्याने हसणं-ओरडणं त्यांना ऐकू जात नसेल असं समजू नये.

मादी मान हलवून कान पसरून गाडीकडे वळली, पिल्लाला पलीकडे सरकवलं, तर तिला जागा हवी आहे. गाईड गाडी मागे घेईल, घेऊ द्या. एकटा नर, डोळ्यामागून ओघळ आलेला आणि मागच्या पायांवर लघवीचे थेंब, म्हणजे तो माजावर आहे. त्याच्यापासून बरंच अंतर हवं. अशा वेळी 'अजून थोडं पुढे घ्या' असं कोणीही म्हणू नये. गाडी रस्ता सोडून माळावर घालायलाही सांगू नका. नियम तर आहेच, पण त्या भुसभुशीत खाऱ्या मातीवर उठलेली चाकोरी लवकर बुजत नाही.

मसाई गावाची भेट घ्यायची असेल तर रक्कम आधी गाईडमार्फत ठरवा आणि फोटोसाठी विचारा. उद्यानाबाहेरच्या मसाई जमिनी मोकळ्या राहिल्या तरच हे हत्ती टिकणार आहेत, म्हणून त्या लोकांना पर्यटनातून थेट पैसे मिळणं मला महत्त्वाचं वाटतं.

बॅगेत काय

खाकी, राखाडी, मातकट रंगाचे कपडे. लष्करी छापाचे नकोत. पहाटेसाठी उबदार जाकीट आणि कानटोपी, कारण उघड्या छतातून वारा झोंबतो. धुळीसाठी सुती उपरणं किंवा मोठा रुमाल. लेन्स लावणाऱ्यांनी डोळ्यांचे थेंब आणि जादा चष्मा न्यावा. इथली धूळ पिठासारखी बारीक आणि खारी असते. कॅमेऱ्याची लेन्स माळावर बदलू नका. १००-४०० ची एक झूम लेन्स बहुतेक सगळं भागवते. रिकामी कापडी पिशवी न्या आणि तिथे तांदूळ किंवा डाळ भरून छताच्या कडेवर कॅमेऱ्याखाली ठेवा. दुर्बीण मात्र प्रत्येकाची वेगळी हवी. गाडीत एकच असली की दर वेळी मागामागी होते.

प्लगसाठी तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडाप्टर लागेल. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, आणि जून २०२० पासून उद्यानांत एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिक बाटल्याही चालत नाहीत. कपडे कापडी पिशव्यांत भरा आणि स्टीलची बाटली न्या. ड्रोन घरीच ठेवा. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या असू द्या, आणि बक्षिसीसाठी थोड्या सुट्ट्या. गाईडला दर माणशी दर दिवशी दहा डॉलरच्या आसपास देणं रीतीला धरून आहे. काम मनापासून केलं असेल तर जास्त द्या. ते शेवटच्या दिवशी, पाकिटात घालून, हातात द्यावं.

परतीच्या वाटेवर गेंडा

चौथ्या दिवशी पहाटेची शेवटची फेरी आणि नाश्ता उरकून नैरोबीला परता. दुसऱ्या दिवशी विमान दुपारनंतरचं असेल तर सकाळ नैरोबी राष्ट्रीय उद्यानाला द्या. ११७ चौरस किलोमीटरचं हे केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९४६ सालचं, शहराला खेटून. अंबोसेलीत नसलेले गेंडे इथे आहेत, काळे आणि पांढरे दोन्ही. इथे हत्तींचे कळप नाहीत, त्यामुळे दोन उद्यानं एकमेकांची उणीव भरून काढतात. १९८९ साली राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांनी बारा टन हस्तिदंत याच उद्यानात पेटवलं होतं, ती जागाही बघता येते.

सहाला गेट उघडताच आत जा आणि दहाच्या सुमारास बाहेर पडा. उद्यानाच्या कडेलाच शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्टचं अनाथ हत्तींच्या पिल्लांचं संगोपन केंद्र आहे. तिथे लोकांना सकाळी अकरा ते बारा असा एकच तास आत घेतात, आणि नोंदणी बरीच आधी करावी लागते. तिथून विमानतळ नकाशावर जवळ दिसला तरी नैरोबीच्या रहदारीचा भरवसा नाही. उड्डाणाच्या चार तास आधी रस्त्याला लागा, आणि यलो फीव्हरचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा.